हेडगार्डने कनकशन कमी होतं का? (प्रबंधासाठी मदत हवी, बडोदा)

नीरजा_कारेलीबाग (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात फिजिओथेरपीत मास्टर्स करतेय. प्रबंधाचा विषय गाइडना सांगायचाय आणि डोक्यात एकच प्रश्न घोळतोय: अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत हेडगार्ड घातलं तर कनकशन (डोक्याला हिसका बसून मेंदूचं काम काही काळ बिघडणं) खरंच कमी होतं का?

निमित्त घरचंच आहे. मावसबहीण बॉक्सिंग करते. ती हेडगार्ड चढवून रिंगमध्ये उतरते आणि तिच्याच क्लबातले मोठ्या गटातले मुलगे स्पर्धेत उघड्या डोक्याने खेळतात. मावशी विचारते, "मुलग्यांची डोकी काय दगडाची असतात?" मला उत्तर देता आलं नाही.

कच्चा बेत असा: शहरातले चार-पाच क्लब घ्यायचे, अर्ध्यांना हेडगार्ड द्यायचं, अर्ध्यांना नाही, आणि एक सीझन कुणाला किती कनकशन होतात ते मोजायचं. आधी काय काय अभ्यास झालेत हे कुणाला माहीत असेल तर सांगा. बॉक्सिंग, कबड्डी, तायक्वांदोवाले बडोदेकर असतील तर फारच छान.

मांडवीकर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

आमच्या वेळी जुम्मादादांच्या आखाड्यात लाल माती आणि लंगोट एवढंच सामान. कान मोडले की पैलवान झालो असं समजायचे. कुस्तीतलं ते कानाचं गार्ड मी पहिल्यांदा टीव्हीवर पाहिलं तेव्हा वाटलं की याला रेडिओ ऐकायचाय.

न्यूरोवाला

मांडवीकर, गंमत सोडा, पण तुमच्या कानातच नीरजाचं अर्धं उत्तर आहे. कुस्तीतलं गार्ड कानासाठी असतं. कानाच्या कूर्चेत रक्त साकळून कान फुगू नये, एवढंच त्याचं काम. मेंदूशी त्याचा संबंध नाही. तेव्हा डोक्यावर काहीही चढवलं की आधी विचारायचं, हे नेमकं काय वाचवण्यासाठी बनवलंय?

कवटी फुटणं, कातडी फाटणं, कान सुजणं या बाहेरच्या दुखापती. तिथे जोर एका जागी येतो आणि फोम तो पसरवून देतो, म्हणून फायदा होतो. कनकशन आत होतं. ऑक्सफर्डचा होलबोर्न नावाचा भौतिकशास्त्रज्ञ होता, त्याने १९४३ मध्ये जिलेटिनचे मेंदू करून दाखवलं की सरळ धक्क्यापेक्षा डोकं गर्रकन वळण्याने आतल्या भागांवर जास्त ताण येतो. बासुंदीचं पातेलं जागच्या जागी झटकन फिरवून पाहा. पातेलं फिरतं, बासुंदी मागे रेंगाळते. बाहेरून पातेल्याला गादी गुंडाळली तरी ते रेंगाळणं फारसं थांबत नाही.

बॉक्सिंगमधला हनुवटीवरचा हुक आठवा. मार लागतो जबड्याला, फिरतं सगळं डोकं. आणि धक्का थेट डोक्यालाच बसायला हवा असंही नाही. छातीवर जोरात आदळून मान हिसडली तरी कनकशन होऊ शकतं. तिथे हेडगार्ड करणार काय?

दुकानदार

स्पोर्ट्सच्या सामानाचं दुकान आहे म्हणून लिहितो. गिऱ्हाईक, विशेषतः आया, हमखास विचारतात, "याने मेंदूला काही होणार नाही ने?" मी सांगतो, बेन, भुवई फुटणार नाही, गालाचं हाड वाचेल, पुढचं तुमच्या मास्तरला विचारा. काहीजण याच उत्तरावर दुसऱ्या दुकानात जातात, कारण तिथे "हंड्रेड पर्सेंट सेफ" ऐकायला मिळतं.

एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. क्लबातलं एकच हेडगार्ड दहा पोरांच्या डोक्यावर फिरतं. घामाने फोम कडक होतो, पट्टा सैल पडतो आणि गार्ड डोळ्यावर सरकतं. पोराला ठोसा दिसलाच नाही तर तो चुकवणार कसा? संशोधन कराल तेव्हा घातलं-नाही-घातलं एवढंच लिहू नका, मापाचं होतं का तेही लिहा.

नीरजा_कारेलीबाग

न्यूरोवाला सर, दुकानदार काका, दोघांचे आभार. पट्टा आणि माप या गोष्टी माझ्या फॉर्ममध्ये नव्हत्याच.

पण सर, निव्वळ यंत्रणेवरून उपयोग नाही असं म्हणता येईल का? प्रयोगशाळेतल्या पुतळ्यांवर तर फोममुळे धक्का बराच कमी झालेला दिसतो. मग बॉक्सिंगवाल्यांनी पुरुषांचं गार्ड काढलं कशासाठी?

जुना_फ्लायवेट

हे मी सांगतो. ऑलिम्पिकमध्ये हेडगार्ड आलं १९८४ ला, लॉस एंजेलिसला. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय हौशी संघटनेने मोठ्या गटातल्या पुरुषांचं गार्ड काढून टाकलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष उघड्या डोक्याने खेळले. बायकांचं गार्ड मात्र राहिलं. पॅरिसलाही होतं.

संघटनेचं म्हणणं होतं की गार्ड काढल्यावर डोक्याच्या माराने लढत थांबवण्याचे प्रसंग कमी झाले. जखमा, म्हणजे भुवया फुटणं वगैरे, कित्येक पटींनी वाढल्या हेही त्यांच्याच आकड्यांत होतं. कारण असं दिलं की गार्डमुळे बाजूचं दिसत नाही, शिवाय मुलं निर्धास्त होऊन डोकं पुढे घालतात. हे दुसरं मला अनुभवाने पटतं. गार्ड असलं की आपण दोन ठोसे खाऊन एक द्यायला तयार होतो.

पी-व्हॅल्यू

जुने फ्लायवेट, माहिती बरोबर आहे, पण तो निष्कर्ष मी गाइडसमोर ठेवणार नाही.

पहिलं म्हणजे लढत थांबवणं आणि कनकशन एक नव्हे. पंच थांबवतो तो त्याच्या नजरेने, आणि समोर उघडं डोकं दिसत असताना पंचाची नजर बदलू शकते. दुसरं, त्याच २०१३ मध्ये गुण द्यायची पद्धतही बदलली. ठोसे मोजणारं संगणकाचं बटण जाऊन दहा गुणांची पद्धत आली, म्हणजे खेळायची तऱ्हाच बदलली. दोन गोष्टी एकदम बदलल्यावर फरक कुणामुळे पडला ते कसं सांगणार? तिसरं, अभ्यास करणाऱ्यांत त्या संघटनेशी जोडलेले डॉक्टर होते. म्हणून ते खोटं ठरत नाही, पण चष्मा पुसून वाचावं.

आणि तुमच्या मावशींचा प्रश्न अजून तसाच आहे. गार्ड काढणं मेंदूला बरं असेल तर बायकांचं का ठेवलं? ठेवणं बरं असेल तर पुरुषांचं का काढलं? दोन्ही नियम एका पुराव्यावर उभे राहू शकत नाहीत.

सिडनीचा_बापू

मूळचा दांडिया बाजारचा, आता सिडनीत. इथे पोरगा रग्बी खेळतो म्हणून हा विषय घरात रोजचा.

रग्बीची ती मऊ टोपी असते ना, तिच्यावर ऑस्ट्रेलियातच मोठा प्रयोग झालाय, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं आणि तरुण मिळून साधारण चार हजार खेळाडू. संघांचे तीन गट चिठ्ठ्या टाकून केले: एकाला टोपी नाही, दुसऱ्याला नेहमीची, तिसऱ्याला सुधारलेली. नियमाप्रमाणे टोपीचा फोम १ सेंटिमीटरपेक्षा जाड चालत नाही, सुधारलेलीचा १६ मिलिमीटर आणि जास्त घट्ट होता. निकाल असा की कनकशनमध्ये फरक नाही. कातडी खरचटणं वगैरे वेगळं.

आमच्या चिरंजीवांनी हे वाचलं आणि टोपी काढून फेकली. बायकोने उचलून परत दिली, म्हणाली कान तरी राहतील जाग्यावर.

नीरजा_कारेलीबाग

बापू, तो पेपर आजच वाचला. पण त्यात टोपी दिलेल्या गटातल्या बऱ्याच मुलांनी ती घातलीच नाही! मग टोपी निरुपयोगी आहे असं कसं म्हणायचं? औषधाची बाटली घेऊन गोळ्या न खाल्लेल्या माणसावरून औषध ठरवल्यासारखं नाही का हे?

पी-व्हॅल्यू

चांगला मुद्दा. पण यात दोन वेगळे प्रश्न आहेत. टोपी वाटली तर समाजात कनकशन कमी होतात का, हा एक. ज्याने खरोखर घातली त्याला फायदा झाला का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर चिठ्ठ्या टाकून केलेल्या गटांवरून प्रामाणिकपणे मिळतं. दुसऱ्यात घोळ होतो, कारण टोपी मनापासून घालणारा मुलगा मुळातच वेगळा असतो. कदाचित जपून खेळणारा, कदाचित आधी डोक्याला मार बसलेला.

फुटबॉलचंही उदाहरण आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या शाळांत २,७६६ खेळाडूंवर असाच प्रयोग झाला, डोक्याला बांधायच्या मऊ पट्ट्याचा. त्यातल्या १३० जणांना कनकशन झालं. मुलींत ५.३ टक्के, मुलांत २.२ टक्के. पट्टा असलेल्या आणि नसलेल्या शाळांत फरक नाही.

आता तुमच्या चार-पाच क्लबांकडे येऊ. धरून चालू की सीझनमध्ये १०० पैकी ५ मुलांना कनकशन होतं आणि गार्डमुळे ते साडेतीनवर येतं. म्हणजे तीस टक्के घट, चांगलीच मोठी. हा फरक पकडायला नेहमीच्या हिशोबाने (फरक खरा असेल तर ८० टक्के वेळा सापडावा, नसेल तर ५ टक्क्यांहून जास्त वेळा भास होऊ नये) एका गटात सुमारे २,८०० मुलं लागतात. दोन गटांत ५,६००. शिवाय तुम्ही क्लबच्या क्लब वाटणार, आणि एका क्लबातली मुलं एकाच कोचच्या तालमीत एकसारखी खेळतात, म्हणून आकडा आणखी वाढवावा लागतो. गार्डने कनकशन थेट अर्धं होतं असं मानलं तरी एका गटात ९०० हवीत.

अख्खं बडोदं रिंगमध्ये उतरवलं तरी जमणार नाही.

मांडवीकर

अवांतर: बडोद्यात डोक्याच्या माराचा विषय निघावा आणि अंशुमन गायकवाडांचं नाव येऊ नये? १९७६, किंग्स्टन, समोर वेस्ट इंडिजचा वेगवान गोलंदाज होल्डिंग. हेल्मेट कुणाकडेच नव्हतं. माणूस ८१ वर खेळत होता, चेंडू कानावर बसला आणि तिथून थेट इस्पितळ. विश्वनाथचं बोट गेलं, ब्रिजेश पटेलच्या तोंडाला लागलं. दुसऱ्या डावात ९७ वर ५ बाद झाले आणि पुढे फलंदाजीला येण्याजोगा गडी उरला नाही. आता सांगा, हेल्मेट नको म्हणाल?

न्यूरोवाला

कोण नको म्हणतंय, मांडवीकर? क्रिकेटचा चेंडू टणक, लहान आणि वेगवान. तिथे भीती कवटीची आणि कानाची, आणि टणक कवच त्यासाठी उत्तम. १९६२ मध्ये बार्बाडोसला नरी कॉन्ट्रॅक्टरची कवटी फुटली होती, ते हेल्मेटने बहुधा टळलं असतं. पण हेल्मेट सर्रास झाल्यावरही आयसीसीला २०१९ मध्ये कनकशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडूचा नियम आणावा लागलाच. त्याच वर्षी लॉर्ड्सवर स्मिथच्या जागी लाबुशेन आला. स्मिथने हेल्मेट घातलेलंच होतं.

जुना_फ्लायवेट

सगळ्यांनी मिळून गार्डाची अंत्ययात्राच काढली. मुलींच्या लॅक्रॉसचं (जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ) कुणी बोलणार का? अमेरिकेत फ्लोरिडाने शाळेतल्या मुलींना गार्ड सक्तीचं केलं, इतर राज्यांनी नाही केलं. सक्ती नसलेल्या राज्यांत कनकशनचं प्रमाण ५९ टक्के जास्त निघालं. हे कुठे बसवायचं?

पी-व्हॅल्यू

मान्य, ते बाजूला सारण्यासारखं नाही. चिठ्ठ्या टाकलेल्या नाहीत, राज्याराज्यांत नोंदी ठेवण्यात फरक असू शकतो, हे आहेच. पण तिथे लागतं ते काठी आणि टणक चेंडूचं, क्रिकेटच्या जवळचं. म्हणून "हेडगार्ड चालतं का" हा प्रश्नच ढोबळ आहे. कुठलं गार्ड, कुठल्या खेळात, कशाच्या माराला, हे तीन शब्द शीर्षकात आले नाहीत तर परीक्षक तिथूनच सुरुवात करतील.

घोटापकड

मी कबड्डी शिकवतो. चार दिवस वाचतोय, आता राहवत नाही.

आमच्यात गार्ड कोणी घालत नाही, त्यामुळे तुमचा अर्धा धागा आम्हाला लागूच नाही. पण डोकी आमचीही आपटतात. कॉर्नर घोट्याला झेपावतो तेव्हा रेडरचा गुडघा सरळ कपाळावर येतो. साखळी करताना दोन गडी एकाच माणसावर तुटून पडतात आणि एकमेकांची डोकी ठोकतात. पोरगा उठतो, डोकं झटकतो, आणि खेळतो. मी विचारलं तर म्हणतो, "कंई नथी, सर."

माझा उपाय शिकवण्याचा. घोटापकडीत डोकं आत घालायचं नाही, बाहेरच्या बाजूला ठेवायचं. मानेचे व्यायाम रोज. एवढं केलं की डोक्याला लागणं कमी होतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय, पेपर नसेल माझ्याकडे.

न्यूरोवाला

घोटापकड सर, पेपर तुमच्या बाजूचेच आहेत. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या शाळकरी खेळाडूंच्या पाहणीत मजबूत मानेच्या मुलांत कनकशन कमी दिसलं. ती नुसती पाहणी होती, प्रयोग नव्हे, पण दिशा तीच. आणि २०२२ ला ॲमस्टरडॅमला जगभरचे तज्ज्ञ जमले होते, त्यांचं निवेदन पुढच्या वर्षी आलं. त्यातला एक ठसठशीत आकडा उपकरणाचा नाहीच, नियमाचा आहे. मुलांच्या आइस हॉकीत अंगावर धडकण्यालाच बंदी घातली तेव्हा कनकशन ५८ टक्क्यांनी कमी झाली. त्याच खेळात दातांचं गार्ड वापरणाऱ्यांत २८ टक्के कमी.

तुमच्या त्या "कंई नथी"वर मात्र मला जास्त बोलायचंय. २००४ च्या एका अभ्यासात अमेरिकन फुटबॉल (रग्बीसारखा, धडकाधडकीचा) खेळणाऱ्या शाळकरी मुलांनी झालेल्या कनकशनपैकी निम्म्याहून कमीच कुणाला तरी सांगितली होती. न सांगण्याचं सगळ्यात मोठं कारण काय? एवढं गंभीर वाटलं नाही. आता नीरजा, तू क्लबात जाऊन "कनकशन झालं का?" विचारलंस तर शून्य लिहून परत येशील. चक्कर, मळमळ, डोकेदुखी, उजेड सहन न होणं, स्कोअर विसरणं, झोप बिघडणं, चिडचिड, असं एकेक विचार. बेशुद्ध पडलेच पाहिजे असं नाही, बहुतेक पडत नाहीत. सीटी स्कॅनही बहुधा साफ येतो, आणि घरचे म्हणतात काहीच नाही झालं.

ज्यांच्या घरी खेळणारी मुलं आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवा. संशय आला की त्या दिवशी खेळ बंद, एकट्याने स्कूटरवर घरी पाठवायचं नाही. पुन्हापुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, ग्लानी, हातापायात अशक्तपणा यातलं काही दिसलं तर थेट इमर्जन्सी. नाहीतर एक-दोन दिवस आराम, मग पायरीपायरीने चालणं, धावणं, बिनधडकेची प्रॅक्टिस, आणि डॉक्टरने पाहिल्यावरच अंगाला अंग.

दुकानदार

आमच्याकडची मुलं चक्कर आली की "तम्मर आवी गया" म्हणतात. फॉर्ममध्ये तसंच लिहा, नाहीतर कोणी खूण करणार नाही.

नीरजा_कारेलीबाग

लिहून घेतलं, काका. फॉर्म गुजरातीत आणि मराठीत दोन्ही करतेय.

गाइडशी बोलले. गार्डवाले विरुद्ध बिनगार्डवाले हा बेत सोडला. पी-व्हॅल्यूंचा २,८०० चा हिशोब दाखवला तेव्हा सर हसले आणि म्हणाले, बरं झालं कुणीतरी सांगितलं. शिवाय ज्यांचं गार्ड आज आहे त्यांचं मी काढायला लावणं नैतिक समितीने मान्यच केलं नसतं.

आता असं: बॉक्सिंग, तायक्वांदो आणि कबड्डीच्या खेळाडूंची सीझनभर दर आठवड्याला लक्षणांची नोंद. मार कशाने बसला, डोकं कुठे होतं, गार्ड होतं का, मापाचं होतं का, आणि कोचला सांगितलं का. सोबत पालक आणि कोचना एक प्रश्न, हेडगार्डने मेंदू वाचतो असं वाटतं का? ज्यांना ठाम वाटतं त्यांच्या मुलांत लक्षणं कमी सांगितली जातात का, हे मला पाहायचंय. गार्डने कनकशन कमी होतं का याचं उत्तर यातून येणार नाही, ते मी पहिल्याच पानावर लिहिणार आहे. मावशीला तूर्त एवढंच सांगितलंय की गार्ड भुवईसाठी ठेव, डोक्यासाठी नजर ठेव.

घोटापकड सर, तुमच्याकडे येऊ का?

घोटापकड

ये. पण आधी एक गोष्ट. तुझ्या फॉर्ममध्ये माझ्या चढाईवाल्याने चक्कर लिहिली तर तू काय करणार? स्टेटची निवड तोंडावर आहे. तू म्हणशील बसवा, मी बसवणार नाही, मग भांडण.

नीरजा_कारेलीबाग

सर, लक्षण लिहिलं की मला सांगावंच लागेल. मुलं अठराच्या आतली असतील तर पालकांची संमती घेताना हे आधीच लिहून देणार आहे. मोजत बसायचं आणि गप्प राहायचं, हे समितीही चालवून घेणार नाही.

न्यूरोवाला

हिचं बरोबर आहे, सर. बरं न झालेल्या डोक्याला दुसरा मार बसला तर तुमची निवडही जाईल आणि मुलगाही.

घोटापकड

तुम्ही डॉक्टर आहात, तुमचं ऐकतो. पण बसवायची चिठ्ठी डॉक्टरची पाहिजे, विद्यार्थिनीची नको. पोरांचे बाप माझ्या अंगावर येतात.

न्यूरोवाला

चिठ्ठी मी देतो. गुरुवारी संध्याकाळी ओपीडीनंतर मोकळा असतो, मुलाला घेऊन या. नीरजा, फॉर्मचा कच्चा मसुदा खासगी निरोपात पाठव, झोपेचा प्रश्न दोनदा आलाय का ते बघतो.

मांडवीकर

कबड्डीला मी पण येतो बघायला. आणि फॉर्ममध्ये कानाचा रकाना ठेवा.